आधी वाक्य, मग फोटो : मराठवाड्यात फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्यांसाठी

नवा कॅमेरा घेतला की पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांचे फोटो सारखेच निघतात. बीबी का मकबरा अगदी मधोमध, समोरच्या हौदासकट. देवगिरीवरचा सूर्यास्त. पटका बांधलेला म्हातारा, सुरकुत्या मोजता येतील इतक्या जवळून. फोटो स्वच्छ असतात, फोकस जागेवर असतो, घरचे ‘लई भारी’ म्हणतात. काढणाऱ्याला मात्र आतून कळत असतं की यात आपलं असं काहीच नाही. बरेच जण नेमके याच वेळी नवी लेन्स घ्यायला निघतात.

हा लेख त्या लेन्सच्या आधी वाचायचा आहे. लातूरकडे लग्नाची कामं करत आणि उरलेल्या वेळात स्वतःचे फोटो काढत मी जे शिकलो, ते क्रमानं सांगतो. शटर (उजेड किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडतं; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो) हे शिकवणारे व्हिडिओ ढिगानं पडलेत, त्यामुळे तो भाग थोडक्यात उरकणार आहे. कशाचा फोटो काढायचा आणि कुठे हात आवरायचा, हे मात्र कुणी नीट बसून सांगत नाही.

सोबत काय हवं

- असेल तो कॅमेरा. मोबाइल असला तरी पहिलं वर्ष खुशाल त्यावर काढा. लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर सोबत आलेली १८-५५ एमएमची लेन्स पुरते. पुढे घ्यायचीच झाली तर ५० एमएम, एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स घ्या.
- दोन मेमरी कार्डं. एकच मोठं घेण्यापेक्षा दोन मध्यम बरी. जादा बॅटरी.
- मऊ कापड, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर, एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि दस्ती. दस्ती डोक्याला बांधायला, घाम पुसायला आणि कॅमेरा झाकायला, तिन्ही कामांना येते.
- खिशात मावेल अशी वही आणि पेन. ही सगळ्यात महत्त्वाची.
- ओळखपत्र, आणि कुणाची लेखी परवानगी घेतली असेल तर तिची प्रत. फक्त मोबाइलमध्ये नको, कागदावरही हवी. गावात रेंज जाते आणि गेटवरच्या माणसाला कागद दिसला की बोलणं सोपं होतं.

१. कॅमेरा उचलण्याआधी एक वाक्य म्हणा

मनातल्या मनात म्हणा, पण पूर्ण वाक्य म्हणा, क्रियापदासकट. ‘बीबी का मकबरा’ हे वाक्य नाही, तो नुसता पत्ता झाला. त्या पत्त्यावरचे हजारो फोटो आधीच पडून आहेत.

आता मकबऱ्याच्या भिंतीजवळ जा आणि खालून वर बघत या. खालचा पट्टा संगमरवराचा आहे. त्याच्या वर थेट घुमटाच्या बुडापर्यंत काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी. ‘इथे संगमरवर संपतो आणि चुना सुरू होतो’ हे झालं वाक्य. ते सापडलं की पुढचे प्रश्न आपोआप सुटायला लागतात. तो सांधा दिसायला हवा, म्हणजे जवळ जायला हवं. दगडाची चकाकी आणि चुन्याचा मंदपणा वेगळा कळायला हवा, म्हणजे ऊन बाजूनं हवं. समोरच्या हौदाची या फोटोला गरजच नाही, त्यामुळे तो चौकटीत येणार नाही. लेन्स कुठली, वेळ कुठली, उभं कुठे राहायचं, सगळं त्या एका वाक्यानं ठरवलं. फोटोग्राफरची ‘दृष्टी’ म्हणून जे काही मोठमोठ्या शब्दांत सांगितलं जातं, ते रोजच्या कामात एवढंच असतं.

वाक्य फार थोर असायची गरज नाही. ‘शाळा सुटली तरी एक पोरगं आत रेंगाळतंय.’ ‘कापूस वेचणाऱ्या बायांच्या ओट्या भरत आल्यात.’ ‘एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जातेय.’ पण ‘ग्रामीण जीवन’, ‘साधेपणा’, ‘बळीराजाची व्यथा’ असलं काही मनात आलं तर सावध व्हा. ही निबंधाची शीर्षकं आहेत. त्यांचा फोटो निघत नाही, निघालाच तर कॅलेंडरवरचा निघतो.

निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) काचेच्या मोठ्या प्लेटवर काम करत. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. एकेक प्लेट वाहून न्यायची, जपायची, धुवायची. त्यामुळे शटर उघडण्याआधीच सगळं ठरलेलं असायचं. आपल्याला कार्डात हजारो फोटो फुकट मिळतात म्हणून आपण ठरवायचं सोडून दिलंय. सुरुवातीला सराव म्हणून एका फेरीला बाराच फोटो काढायचे असं बंधन घाला, आणि प्रत्येकाचं वाक्य आधी वहीत लिहा. हात आपोआप आवरतो.

सापळा : फोटो काढून झाल्यावर वाक्य शोधणं. तेव्हा कुठलंही वाक्य चिकटवता येतं.

२. एक जागा वर्षभर धरा

नवशिक्यांची सगळ्यात जास्त शक्ती प्रवासात जाते. आज अजिंठा, पुढच्या रविवारी नळदुर्ग, त्याच्या पुढच्या रविवारी सहस्रकुंड. प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदाच गेल्यावर जे दिसतं तेच हाती लागतं, आणि ते सगळ्यांनाच दिसलेलं असतं. त्यापेक्षा घरापासून चालत किंवा गाडीवर पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल अशी एक जागा निवडा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा.

माझं मत विचाराल तर लातुरात राहणाऱ्याला गंजगोलाईसारखी शाळा दुसरी नाही. गोल बाजार, मधे देवीचं मंदिर आणि चहूकडून येऊन मिळणारे १६ रस्ते. जागा गोल असल्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी तिच्या एका कमानीवर ऊन असतं आणि समोरची सावलीत असते. सकाळी पूर्वेकडच्या रस्त्यातून ऊन सरळ आत घुसतं आणि येणाऱ्यांच्या सावल्या त्यांच्या पुढे पुढे चालतात. संध्याकाळी हाच प्रकार पश्चिमेकडून होतो. दुपारी दुकानांच्या कनातीखालून लाल-निळा उजेड माणसांच्या तोंडावर पडतो. कुठल्या रस्त्यात कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन शिरतं याचा तक्ता वहीत करा. वर्षभरानंतर तुम्हाला जे माहीत असेल, ते बाहेरून आलेल्या महागड्या कॅमेरेवाल्याला माहीत नसेल.

लातूरच हवं असं काही नाही. जालन्याचा मोंढा, परभणीचं बसस्थानक, पैठणीचा एखादा माग, तुमच्या गावातला पार. बीडकडचे असाल तर ऊसतोड कामगारांचं वर्ष डोळ्यासमोर आहे. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरवर भांडीकुंडी लादून टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, आणि मधल्या महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. निघताना सगळेच फोटो काढतात. मागं उरलेल्या गावाचे फारसे कुणी काढत नाही.

३. उजेड वाचायला शिका

आपल्याकडचं ऊन कडक. फेब्रुवारी संपला की दहानंतर माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि कपाळ पांढरंफटक होतं. म्हणून सगळे ‘सकाळ-संध्याकाळच काढा’ म्हणतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. भरदुपारी सावलीची कड शोधा. ओसरी, दाराची चौकट, कडुनिंबाखालची जागा, मांडवाची झालर. माणसाला उंबऱ्याच्या आत हातभर बसवा आणि तोंड बाहेर करायला सांगा. समोरच्या तापलेल्या अंगणावरून परतणारा उजेड चेहऱ्यावर इतका मऊ पडतो की स्टुडिओचे दिवे नकोत. जुन्या वाड्यातला चौक याच कारणासाठी माझा आवडता आहे.

कुठल्याही ठिकाणी जाण्याआधी ते कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी लवकर गेलात तर कैलास लेण्याचा दर्शनी भाग सावलीत मिळतो. दुपार कलली की ऊन समोरून येतं आणि कोरीव काम उठून दिसायला लागतं. अजिंठ्याची गोष्ट वेगळी. ती लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर खोदलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक लेण्याची दिशा थोडी थोडी फिरत जाते आणि ऊनही वेगवेगळ्या वेळी पोचतं. आधी दिवसभर नुसतं फिरून वेळा टिपा. आणि निघण्याआधी वार बघा : वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. शंभर किलोमीटर गाडी चालवून बंद गेटचा फोटो काढणारे दर आठवड्याला भेटतात.

अजिंठ्याच्या आत फ्लॅश चालत नाही, आणि तो चालू नये हेच बरोबर. आयएसओ ३२०० पर्यंत वाढवा, कोपरं छातीला टेकवा, श्वास सोडता सोडता बटण दाबा. भिंतीला टेकू नका, ती भिंत म्हणजेच चित्र आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून पुढे कित्येक वर्षं इथे राहून या चित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या आणि त्यातल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानं लेण्यांचे फोटोही काढले होते, दोन डोळ्यांनी बघायचे जोडफोटो. त्या काळच्या मंद काचांवर एवढ्या अंधारात काम म्हणजे काय असेल, याचा विचार आयएसओ वाढवताना एकदा करून बघा.

आता कॅमेऱ्याची एक खोड. त्याला जे दाखवाल ते तो मध्यम करड्या छटेवर आणायला बघतो. पांढरंशुभ्र धोतर-टोपी घातलेले चार जण पारावर बसले असतील तर फोटो मळकट येतो. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट, कमी केला की निम्मा). उलट काळ्या दगडाची बारव किंवा किल्ल्याची भिंत चौकटभर असेल तर कॅमेरा ती उगाच उजळतो आणि दगडाचं काळेपण जातं; तिथे अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा. मोबाइलवर हेच काम बोटानं होतं. हव्या त्या जागी बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बोट वर-खाली सरकवा. आपल्या दगडाला आणि आपल्या रंगाला कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडू नका. सावळा चेहरा उगाच गोरा करून देणारे मोबाइल बाजारात पुष्कळ आहेत. ते ‘ब्युटी’वालं बटण आधी बंद करा.

४. चौकटीच्या चार कडा फिरून या

बटण दाबण्याआधी डोळा चारही कडांवरून फिरवायची सवय लावा. डोक्यातून निघालेला विजेचा खांब, कोपऱ्यातली पाण्याची बाटली, नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्स तर आपल्याकडे सगळीकडेच आहे. तो टाळता येत नसेल तर मुद्दाम पूर्ण घ्या. अर्धा कापलेला फ्लेक्स फक्त चुकून आल्यासारखा दिसतो.

नवशिक्याचा फोटो बहुतेक वेळा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून असतो. गुडघ्यावर बसा. गच्चीवर जा. एक पाऊल डावीकडे सरका आणि मागचा खांब माणसाच्या आड जातो का बघा. झूमच्या आधी पाय वापरा. ‘तृतीयांशाचा नियम’ (चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेषांवर ठेवायचा) वगैरे आठवडाभर पाळून बघा आणि सोडून द्या.

५. माणसांजवळ जाताना

इथे घाई करू नका. फोटोत जे येतं त्यातलं निम्मं इथे ठरतं.

गावात शिरल्या शिरल्या कॅमेरा गळ्यात लटकवू नका. आधी राम राम घाला, टेका, पाणी मागा. ‘कुणाचा रे तू? कुण्या गावचा?’ हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर नीट द्या. तुमचं गाव, पाव्हणेरावळे, काय करता ते. मग ‘मामा, एक फोटो काढू का?’ म्हणून विचारा. ‘आमचा काय फोटू काढायलाव, त्या पोराचा काढा’ असं उत्तर आलं तर तो नकार नसतो, लाजणं असतं. हसून पोराचा काढा आणि थांबा. पण मावशींनी पदर तोंडावर ओढला किंवा मान फिरवली तर तो नकार आहे. तिथे विषय संपला. लांबची लेन्स लावून चोरून काढलेला फोटो कसा दिसतो सांगू? चोरून काढल्यासारखा दिसतो.

पहिले पाच-सहा फोटो पोझचे येतील : छाती पुढे, हात सरळ, तोंड आवळलेलं. ते मन लावून काढा, स्क्रीनवर दाखवा. त्यांच्या दृष्टीनं काम झालं की माणसं आपापल्या उद्योगाला लागतात. तुमचं काम तिथून सुरू होतं.

वेळअमावस्येचं उदाहरण घेऊ. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला घरंच्या घरं शेतात जातात आणि लातूर शहरात दुपारी चिटपाखरू नसतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर. फोटोसाठी हा दिवस मोहाचा आहे आणि म्हणूनच बिघडतो, कारण जो तो ताटाचा वरून फोटो काढतो. कोपीच्या तोंडाशी बसून बघा. आत अंधार आहे, उजेड फक्त दारातून आणि पेंढ्यांच्या फटींतून येतोय. आजी आत वाकून पूजा मांडतेय. तिची पाठ उजेडात, हात अर्धे उजेडात, आणि दगडी पांडव जवळजवळ दिसत नाहीत. बाहेरच्या उन्हावर उजेडाचं मोजमाप घेतलंत तर आतलं सगळं काळं होईल, आतल्या अंधारावर घेतलंत तर दार पांढरं फुटेल. तिच्या हातांवर मोजमाप घ्या : आयएसओ ८००, एफ २.८, शटर १/१२५ च्या आसपास, आणि दार फुटलं तर फुटू द्या. वाक्य काय? ‘आजी अंधारात हातानं चाचपून पूजा मांडते.’ दार त्या वाक्यात नाही.

जेवायला बसा म्हटल्यावर जेवा. ‘बसा की पाव्हणं, फोटू कुठं पळून चाललाय?’ याला उत्तर नसतं. पोटात आंबील गेली की ज्यांच्या शेतात आहात ती माणसं तुम्हाला विसरतात, आणि ते विसरणं तुम्हाला हवंच आहे. संध्याकाळी पोरं पेटवलेली कडब्याची पेंढी घेऊन शेताच्या कडेनं पळतात. तेव्हा शटर १/३० पर्यंत खाली आणा आणि पोराच्या वेगानं कॅमेरा फिरवत दाबा. बहुतेक फोटो वाया जातील, एखाद्यात पोराचा चेहरा टिकेल आणि जाळ ओढला जाईल.

शेवटचं : प्रिंट पोचवा. पोस्टकार्डाएवढा प्रिंट फार महाग नसतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पोराच्या मोबाइलमध्ये राहतो, प्रिंट घरात राहतो. पुढच्या वेळी त्या घरात तुम्हाला परवानगी मागावी लागणार नाही.

६. सेटिंग, एकदाची

बसलेली माणसं : १/१२५. चालणारी : १/२५०. पळणारी पोरं, बैल, घोडे : १/५०० च्या पुढे. नाथसागरावर हिवाळ्यात उडते पक्षी टिपायचे असतील तर १/१६०० च्या पुढे. मागचं धूसर हवं तर एफ २ किंवा २.८, मागचंही सांगण्यासारखं असेल तर एफ ८. स्वच्छ उन्हात काहीच सुचेना तर एफ १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं : आयएसओ २०० ला १/२००. सोय असेल तर रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं स्वतः काही न बदललेली मूळ फाइल) काढा. बाकी ॲपर्चर प्रायोरिटीवर (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवा आणि माणसांकडे बघा.

उन्हाळ्यात उघड्या रानात लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, पिशवीतच दहा मिनिटं बाहेरची हवा लागू द्या.

७. हे फोटो काही काळ काढू नका

भेगाळलेली जमीन. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या संपादकाला हीच लागते आणि आपणही निमूट पुरवतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हाच्या लातूरकराला विचारा, त्याला भेगा आठवत नाहीत. त्याला टँकरची वेळ आठवते, नंबर लावून ठेवलेल्या घागरी आठवतात, रात्री अपरात्री पाइप धरून उभं राहणं आठवतं. ‘टँकरची वेळ बघून गल्ली उठते’ हे दुष्काळाचं वाक्य आहे. भेग हे कुठल्याही तळ्याच्या कडेला मे महिन्यात मिळणारं चिन्ह आहे.

तसंच कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. बहुतेकदा त्याला तसं बसायला सांगितलेलं असतं. शेतकरी दिवसभरात काय काय करतो? बाजारभाव बघतो, कृषी सेवा केंद्रात वाद घालतो, सोयाबीन दाताखाली धरून ओल तपासतो, बँकेत रांगेत उभा राहतो. यातलं एकही चित्र घिसंपिटं नाही.

तिसरं, नदीत उडी मारणारी पोरं. तो फोटो छानच दिसतो, मला माहीत आहे. पण तुमच्या मोबाइलमध्ये आत्ताच चार तसे असतील.

८. निवड करताना निर्दय व्हा

घरी आल्या आल्या फोटो निवडू नका. दिवसभराचा उत्साह अंगात असतो, जो फोटो काढायला जास्त कष्ट पडले तो जास्त चांगला वाटतो. दोन ठिकाणी कॉपी करा, कार्ड तसंच राहू द्या आणि आठवडाभर फोल्डर उघडू नका.

मग एका बैठकीत चाळा. पहिल्या फेरीत थरथरलेले, डोळे मिटलेले काढा. दुसऱ्या फेरीत एकाच क्षणाचे आठ असतील तर एक ठेवा. ‘दोन्ही चांगलेत’ हा आळस आहे. तिसऱ्या फेरीत वही उघडा आणि तेव्हा लिहिलेलं वाक्य फोटो न सांगता सांगतो का बघा. फोटो दुसऱ्याच एखाद्या चांगल्या वाक्याकडे गेला असेल तर ठेवा, अशी भेट अधूनमधून मिळते. उरलेल्यांचे छोटे, स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर मांडा. स्क्रीनवर प्रत्येक फोटो एकटा असतो, सतरंजीवर मांडले की एकमेकांची उणीदुणी काढायला लागतात. दिवसभराच्या फोटोंमधून दोन-तीन राहिले तर दिवस चांगला गेला समजा.

दाखवायचं कुणाला? कौतुक करणाऱ्या भावाला नको. फोटोग्राफी न करणाऱ्या, पण तोंडावर बोलणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवा आणि ‘कसा वाटला’ असं विचारू नका. ‘यात काय चाललंय?’ एवढंच विचारा, आणि तो बोलत असताना गप्प बसा.

९. एडिटिंग

उजेड-अंधार सावरा, तिरकं सरळ करा, कडेचं छाटा, रंगाचा तोल नीट करा. इथवर सगळं ठीक. आकाश दुसरीकडचं आणून लावणं, तार पुसणं, माणूस हटवणं हे लग्नाच्या अल्बमला चालतं. गावाचं, माणसांचं खरं काम म्हणून जे दाखवणार आहात त्याला चालत नाही. वर्तमानपत्रं आणि स्पर्धा मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा पंचाईत होते. रंगीत फोटो जमला नाही म्हणून काळापांढरा करू नका; त्यानं फोटो गंभीर होत नाही, फक्त रंग जातात.

१०. परवानग्या आणि हक्क

- भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्यानं साधे फोटो काढता येतात, पण ट्रायपॉड, दिवे, कपडे-मॉडेल घेऊन शूटिंग यांना आधी लेखी परवानगी लागते. प्री-वेडिंगवाले इथेच अडकतात. अर्ज आयत्या वेळी नको, बराच आधी करा.
- मंदिराच्या गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी मनाई असते. पाटी वाचा, पुजाऱ्याला विचारा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून, चपला काढून जा आणि सेवादारांना विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.
- धरणाची भिंत, रेल्वे स्टेशन, विमानतळ, न्यायालय : आधी विचारा. ड्रोन हा वेगळाच कायदेशीर कारभार आहे, नवशिक्यानं त्यात पडू नये.
- जाहिरातीत वापरायचा असेल तर फोटोतल्या माणसाची लेखी संमती घ्या, लहान मूल असेल तर पालकांची.
- स्वतःच्या हौसेनं काढलेल्या फोटोचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमचाच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. मात्र पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. लग्नाचे फोटो पुढे आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचे असतील तर कोटेशनमध्येच तशी एक ओळ लिहून सही घ्या. तोंडी ‘चालतंय की’ नंतर आठवत नाही.

११. सुरुवात कधी आणि कुठून

आज कुठला महिना चालू आहे तिथूनच करा. जून-जुलैत पेरणी आणि ढग आहेत. ढगाळ दिवसाचा उजेड माणसांसाठी उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस बरा झाला असेल तर नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून कोसळतं. गर्दी टाळायला रविवार सोडून जा. ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयाबीनची रास आणि मोंढे. डिसेंबर-जानेवारीत लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा भरते : घोडे, उंट, गाढवं, बैल आणि संध्याकाळच्या उन्हात उडणारी धूळ. धुळीच्या पलीकडे सूर्य येईल असे उभे राहा, जनावरांच्या अंगाला उजेडाची कड लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी. एप्रिल-मे मध्ये पहाटे साडेपाचला घराबाहेर पडा, दहाला परत या आणि दुपारी निवड करत बसा. संध्याकाळी पुन्हा निघणार असाल तर मधल्या वेळात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवू नका.